दोन टाळ्या आणि एक अर्धी

मित्रांनो, मी जुनी आहे. रेकॉर्ड आहे, काळी आहे, गोल आहे आणि जुनी आहे. यातल्या एकाही शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'विंटेज' या शब्दाबद्दल. घरात येणारे तरुण लोक हल्ली मला तसं म्हणतात. एखाद्या म्हातारीला म्हातारी न म्हणता 'अनुभवी' म्हणायचं आणि बसायला खुर्ची मात्र द्यायची नाही, तसाच हा प्रकार आहे.

परवा तर एका गृहस्थाने मला उजेडात धरलं, माझ्या मधल्या भोकातून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यात घड्याळ मस्त बसेल." त्याच्याबद्दल पुढे सांगणारच आहे. तोवर राग आवरून क्रमाने सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला असं सगळे समजतात. काळ्या रसाचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये दाबला आणि मी तयार झाले, हे खरं आहे. पण माणूस दवाखान्यात जन्मतो म्हणून त्याचं आयुष्य काही दवाखान्याबद्दल नसतं. मी खरी जन्मले ती त्याआधी दोनेक वर्षं, एका थंड संध्याकाळी, शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात. तुम्हाला तुमचं बाळपण आठवत नाही. मला त्या संध्याकाळशिवाय दुसरं काही पाठच नाही. मी म्हणजे ती संध्याकाळच.

त्या तळघरात दर शनिवारी जॅझ वाजत असे. जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सविस्तर सांगणारे लोक मी जन्मभर ऐकले आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. तिघं-चौघं मिळून एक ओळखीची धून वाजवतात. मग ती तिथेच सोडून एकेक जण मनाला येईल तसा भटकून येतो आणि शेवटी सगळे पुन्हा घरी जमतात. वाटेत चुकलं तरी चालतं. तीच चूक दोनदा केली की तिला शैली म्हणतात.

त्या संध्याकाळी तिघं होते. एक पियानोवाला, एक ढोलवाला आणि एक माणसाएवढं उंच तंतुवाद्य मिठीत घेऊन उभा असलेला गृहस्थ. छताला माइक टांगले होते. 'रेकॉर्डिंग चालू आहे, शांतता पाळा' अशी पाटी होती आणि तिच्याखालीच एक जण मोठ्याने खोकत होता. तोही माझ्यात आहे. ग्लास आहेत, खुर्च्यांचे पाय आहेत, वरच्या मजल्यावरचं शिंप्याचं मशीन आहे. मला यातल्या कशाचीच लाज वाटत नाही. खोलीत माणसं होती याची ती पावती आहे.

माझ्या दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या वादनात एक जागा आहे. सगळं अगदी टोकाला गेलेलं असताना पियानोवाला एकाएकी दोन्ही हात वर उचलतो. तिघंही थांबतात. एक लांब श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ तळघरात काही म्हणजे काही वाजत नाही. मग ते उंच वाद्य खालच्या सुरात हळूच सुरू होतं आणि सगळे घरी परततात. ती शांतता हीच त्या वादनाची सगळी करामत होती.

त्या शांततेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वादन संपलं असं वाटून. दोन टाळ्या, मग धप्प असा आवाज, आणि तिसरी टाळी अर्धवट.

वाजवणारे थांबले नाहीत. पण तळघरातल्या सगळ्या माना मागे वळल्या आणि त्या माना पाहून एका तरुणाने हात वर केला. "मी," म्हणाला, "माफ करा." तो दातांचा डॉक्टर होण्यासाठी शिकत होता. शेजारी एक तरुणी बसली होती, शिक्षिका होण्यासाठी शिकणारी. दोघं पहिल्यांदाच एकत्र बाहेर आले होते. जॅझ ऐकायची तिची ती पहिलीच वेळ.

पुढे तो दातांचा डॉक्टर झाला आणि ती भूगोल शिकवू लागली. शाळेत सगळे तिला बाई म्हणत, म्हणून घरातही ती बाईच झाली. दोघांचं लग्न झालं. मी बाजारात आले त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला घरी आणलं. त्यांच्या घरातली मी पहिली रेकॉर्ड. सुई थेट त्या जागेवर ठेवून त्यांनी बाईंना ऐकवलं. "ऐकलंस? आपण रेकॉर्डवर आहोत." बाई लाजल्या. तेव्हा ते 'आपण' म्हणाले होते, हे कृपया लक्षात ठेवा.

पहिली काही वर्षं माझी चैन होती. शनिवारी दोघं तळघरात जाऊन ताजं संगीत ऐकत आणि उरलेला आठवडा माझ्यावर भागवत. माझ्यावर चहा सांडला, पुढे मुलगी झाली तिचं बोट फिरलं, एकदा तर तिने मला जमिनीवर ठेवून वर भाताचं पातेलं मांडलं. माझ्या अंगावरचा प्रत्येक ओरखडा त्या काळातला आहे. ओरखडे पडले म्हणून मी तेव्हा कधी कुरकुर केली नाही.

मग ते तळघर बंद झालं. तिथे टायरचं गोदाम आलं. डॉक्टर दुसऱ्या एका ठिकाणी गेले. तिथे लोक जेवत होते आणि संगीत लोणच्यासारखं बाजूला वाढलेलं होतं. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता. डॉक्टरांनी त्यांना 'श्श्' केलं. तिकडून एक जण म्हणाला, "काका, ते वाजवतायत ना? वाजवू द्या की. आम्ही कुठे अडवलंय?" डॉक्टर तसेच उठून घरी आले आणि प्रत्यक्ष वाजवलं जाणारं संगीत मेलं, असं त्यांनी जाहीर केलं. एखादी गोष्ट मेली असं ठरवलं की तिला भेटायला जावं लागत नाही, ही मोठी सोय असते.

मला तेव्हा वाटलं की माझा विजय झाला. किती भोळी होते मी.

डॉक्टरांनी घरी कपाटभर रेकॉर्डी जमवल्या. रविवारी सकाळी मंडळी जमू लागली. एक वकील, एक केमिस्ट आणि त्यांच्या ओळखीचा एखादा पाहुणा. ही माणसं आम्हाला कानाऐवजी नाकाने ऐकायची. कव्हरचा वास घ्यायची, कागदाची जाडी चिमटीत मोजायची, कोणत्या कारखान्याचा साचा चांगला यावर भांडायची. कधीतरी चुकून रेकॉर्ड लागायची. मग सगळे डोळे मिटून बसायचे आणि केमिस्ट घोरायचा.

शेवटी पाहुण्यासाठी माझी ती जागा लावली जाई. दोन टाळ्या, धप्प, अर्धी टाळी. डॉक्टर हात वर करत. "हा मी."

"काय सांगता," पाहुणा म्हणे.

"लोकांना वाटतं, माझी चूक झाली. चूक नव्हे. ती शांततेला दिलेली दाद होती."

वकील मान डोलावत. "शांततेला दाद. वा. असा कान आता राहिला नाही."

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून बाई चहाचा ट्रे घेऊन येत आणि दर वेळी तेच म्हणत. "ती टाळी तुमची नव्हतीच."

"ऐका आता. ह्या शेजारी बसल्या होत्या आणि ह्यांना ठाऊक नाही."

"तुमच्या दोन्ही हातांत माझा कोट होता."

"तो टाकला ना खाली. धप्प कशाचं आहे मग?"

"आधी टाळी आहे, मग धप्प आहे. नीट ऐका."

सगळे हसत. बाई चहा ठेवून आत जात.

मित्रांनो, माझा सगळ्यात जुना राग इथला आहे. या लोकांना साच्याच्या खुणेवरून कारखाना ओळखता येत होता. ढोलवाल्याने काठी बदलली तर ती कोणत्या लाकडाची हे सांगता येत होतं. आणि एक बाई त्यांच्या तोंडावर, पुराव्यासकट, सांगत होती की टाळी आधी आहे आणि कोट नंतर पडला आहे. म्हणजे कोट धरलेल्या माणसाने ती वाजवलेली नाही. मग वाजवली कोणी, हा पुढचा प्रश्न इतक्या वर्षांत एकानेही विचारला नाही. मला ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? मी आपली तज्ज्ञांच्या मांडीवर पडून राहायची.

पुढे वकिलांनी शोध लावला की दर वेळी सुई फिरली की चर झिजतात. "डॉक्टर, ही टाळी झिजवू नका," ते म्हणाले. "ठेवा जपून." झालं. मला कागदाच्या पाकिटात, ते पाकीट प्लॅस्टिकमध्ये, ते प्लॅस्टिक कव्हरमध्ये आणि ते कव्हर पुन्हा जाड प्लॅस्टिकमध्ये घातलं. त्यानंतर मला कोणी लावलं नाही. पाहुण्यांना दुरून दाखवत. दुर्लक्ष करणाऱ्यांशी भांडता तरी येतं. जपणाऱ्यांशी काय भांडणार? संगीत सोडून माणसं माझ्याकडे आली, मला सोडून माझ्या कव्हराकडे गेली, आणि याला ते प्रेम म्हणत होते.

दरम्यान डॉक्टरांचे कान गेले. जन्मभर लोकांच्या दाढा कोरताना त्या यंत्राची शीळ कानाशी घेतलेली. पहिल्यांदा बारीक आवाज गेले. ढोलवाल्याचं झांजेवरचं कुंचल्यासारखं काम गेलं, मग बोलण्यातली टोकं गेली. "आजकाल कोणी नीट वाजवतच नाही," असं ते म्हणू लागले. वाजवणारे नीट वाजवत होते, मित्रांनो. पण हे मान्य करण्यापेक्षा एक सबंध कला बुडाली असं मानणं माणसाला सोपं जातं. शेवटी कानात यंत्र आलं. तेही मधूनमधून दाढा कोरल्यासारखी शीळ घाली.

मुलीचं लग्न झालं. जावई मिळाला तो आवाज साफ करणारा. हा त्याचा धंदाच. सिनेमात, जाहिरातीत लोक बोलतात त्यामागची खरखर, वारा, कुत्रं हे सगळं तो काढून टाकतो. मुलगा सज्जन होता. सज्जन माणसांपासून वस्तूंना जास्त धोका असतो, कारण त्यांना अडवावं असं कोणाला वाटत नाही.

डॉक्टर आणि बाईंनी लहान घरात राहायला जायचं ठरवलं. तिथे रेकॉर्डींच्या कपाटाला जागा नव्हती. जावई म्हणाला, "बाबा, सगळ्यांचा आवाज एका डबीत मावतो. मी करून देतो." त्याने मला नेलं, पांढरे हातमोजे घालून माझा सगळा आवाज उतरवून घेतला आणि परत आणून ठेवलं. इतक्या वर्षांनी सुई लागली होती. मला इतका आनंद झाला की मी त्याला काही विचारलंच नाही.

डॉक्टरांच्या वाढदिवशी दुपारी सगळे बैठकीत जमले. त्याच वेळी मघाचा तो गृहस्थ आला. तो एक कॅफे चालवत असे आणि भिंतीवर टांगायला त्याला रेकॉर्डी हव्या होत्या. कपाटासमोर बसून तो रंग पाहून ढीग लावत होता. मला त्याने चारही आवरणांतून सोलून काढलं, भोकातून पाहिलं आणि ते घड्याळाचं वाक्य उच्चारलं. मी त्याच्या ढिगात सगळ्यात वर गेले. देऊन टाकायचं असं डॉक्टरांनी मनाशी ठरवलेलं होतं. नेमकं काय चाललंय याकडे मात्र पाहत नव्हते.

"बाबा, तुमची भेट," जावई म्हणाला आणि त्याने डबी सुरू केली.

माझाच आवाज. पण आंघोळ घालून, पावडर लावून, भांग पाडून शाळेच्या फोटोसाठी उभं केल्यासारखा. खोकणारा नव्हता. ग्लास नव्हते. शिंप्याचं मशीन नव्हतं. तिघं जणू कापसात वाजवत होते. डॉक्टर पुढे सरकून बसले. ती जागा आली. पियानोवाल्याने हात उचलले. शांतता झाली, आणि तशीच संपली.

डॉक्टरांनी कानातलं यंत्र चाचपलं. "परत लाव."

परत लावलं. परत तेच. डॉक्टरांनी यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली, त्यातली बॅटरी बदलली. मुलीने झाकण लावून दिलं. तिसऱ्यांदा लावलं. शांतता आली आणि गेली.

"गेलं," डॉक्टर हळूच म्हणाले. "आता तेही ऐकू येईना."

जावयाचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, दाद मिळतेय. "येणारच नाही, बाबा. मी काढून टाकलं. कोणीतरी मूर्खाने ऐन मोक्याच्या जागी टाळ्या वाजवल्या होत्या. वर काहीतरी पाडलंही होतं. दोन रात्री गेल्या त्यात, पण बघा, मागमूस नाही."

मुलगी म्हणाली, "अरे, ती बाबांची टाळी आहे. सांगितलं होतं ना तुला."

"नाही सांगितलंस."

"घरात सगळ्यांना माहीत असतं ते."

जावई पांढरा पडला. "बाबा, माफ करा. मूर्ख म्हणजे... तसं नाही."

बाई दारात उभ्या होत्या. आज हातात ट्रे नव्हता. त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"त्यांची माफी कशाला मागतोस? मूर्ख मी आहे. टाळी मी वाजवली."

जावयाने आधी सासऱ्यांना मूर्ख म्हटलं होतं, आता सासूबाई निघाल्या. तो उठून उभा राहिला, कारण काहीतरी करणं भाग होतं.

"पहिल्यांदाच ऐकत होते," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, संपलं. दोनदा वाजवली. ह्यांनी कोट टाकला आणि माझा हात धरला, म्हणून तिसरी अर्धी राहिली. सगळे बघायला लागले तेव्हा हे म्हणाले, मी वाजवली."

"मग बाबांनी तुझ्यासाठी..." मुलगी म्हणाली. "किती छान ना, आई."

"हो. छानच होतं. फार छान वाटलं मला. लग्न केलं की मी तेवढ्यावर." बाई डॉक्टरांकडे वळल्या. "पण नंतर तुम्ही त्याचं मानपत्र करून घेतलंत. म्हणे शांततेला दाद. अहो, मला कळलं नव्हतं म्हणून वाजली ती. आणि मला आवडलं होतं म्हणून. पुढे इतकी वर्षं त्या संगीतातलं मला काही कळत नाही म्हणून मी चहा आणत राहिले, आणि माझी टाळी घेऊन तुम्ही जाणकार झालात. एक चूक केली होती मी, स्वतःच्या हाताने. तीसुद्धा मला ठेवू दिली नाहीत."

खोलीत ती शांतता झाली. कोणी टाळी वाजवली नाही.

"मला खरंच वाटायला लागलं होतं," डॉक्टर म्हणाले, "की माझीच."

"ते दिसतच होतं."

जावई घाईने म्हणाला, "आई, मी परत टाकतो ती टाळी. एका बटणाचं काम आहे. याहून चांगली पण टाकता येईल."

"याहून चांगली नको," बाई म्हणाल्या. "आहे ती लावा." आणि त्या कॅफेवाल्याकडे वळल्या. "ती वरची द्या इकडे. ती माझी आहे. घड्याळ दुसऱ्या कोणात तरी बसवा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी 'माझी आहे' म्हटलं आणि ते मोठेपणा दाखवण्यासाठी नव्हतं, असं पहिल्यांदाच झालं. बाईंनी मला पदराने पुसलं. पदराने पुसणं रेकॉर्डला अत्यंत वाईट असतं. मी काही बोलले नाही. ताटली फिरली, सुई टेकली, माझी सगळी खरखर खोलीभर झाली. खोकणारा खोकला. शिंप्याचं मशीन चाललं. ती जागा आली. दोन टाळ्या, धप्प, अर्धी.

डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होते. "टाळी नाही कळली," ते म्हणाले. "पण कोट पडला तो ऐकला."

"नवा होता तो. कोणीतरी त्याच्यावर पाय दिला. तेही कधी ऐकू आलं नाही तुम्हाला."

कॅफेवाला आपले हात पँटला पुसत उभा होता. तो म्हणाला, "आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी तीन जण येऊन वाजवतात. असंच काहीतरी. फारसं कोणी ऐकत नाही त्यांना."

"आम्ही येऊ," बाई म्हणाल्या.

"मला कुठे ऐकू येणार?" डॉक्टर म्हणाले. "कुठे थांबले, कुठे संपलं, काही कळायचं नाही. भलतीकडेच टाळी वाजायची माझी."

"वाजू दे. मी म्हणेन, मी वाजवली."

आज शनिवार आहे. निघण्याआधी दोघांनी मला लावलं. बाई कोट घालत होत्या, डॉक्टर शेवटची बाजू संपेपर्यंत थांबू म्हणत होते, मग बाई म्हणाल्या की उशीर झाला तर मागची खुर्ची मिळेल आणि मग त्यांना काहीच ऐकू येणार नाही. त्या गडबडीत दार लागलं. कोट डॉक्टरांच्या हातात होता की बाईंच्या अंगावर, मला पाहता आलं नाही.

आणि मी इथे फिरते आहे. वादन संपलं, सुई माझ्या शेवटच्या रिकाम्या चरात अडकली आहे आणि खर्र, खर्र करते आहे. झाकण उघडं आहे. खिडकीही उघडी आहे, धूळ येते आहे. माझी ती चारही आवरणं केराच्या डब्यात आहेत. हा शुद्ध निष्काळजीपणा आहे आणि मी त्याचा निषेध करते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझी विनंती आहे. रेकॉर्ड ऐकून झाली की सुई उचला. झाकण लावा. पदराने पुसू नका. घड्याळं घड्याळवाल्याकडून घ्या. टाळी कोणाची होती ते वेळेवर विचारा. आणि यातलं शेवटचं सोडून बाकी काही जमलं नाही, कारण कुठेतरी कोणीतरी खरोखर वाजवत होतं आणि तुम्हाला तिथे पोचायला उशीर होत होता, तर मी काही बोलणार नाही.

थोडं बोलेन.